रातच्या लाइटचा आठवडा: केळीला पाणी द्या, डोक्यातलं घड्याळही सांभाळा

मागच्या जानेवारीत पहाटे पावणेचारला आमच्या आप्पांनी वीस वर्षांत न केलेली चूक केली. ठिबकच्या एका सेक्शनचं पाणी झालं की आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मगच मागचा बंद करायचा, हे आमच्या चोपडा तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आप्पांनी आधी बंद केला आणि पुढच्याकडे चालू लागले. ते पोचायच्या आत मेन लाइनचा सांधा फुटला. सकाळी मी मळ्यात गेलो तेव्हा ते ओल्या बांधावर बसले होते. "मनं डोकंच चालनं नही रे," एवढंच म्हणाले. रातच्या लाइटचा तो तिसरा दिवस होता.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. डोकं चाललं नाही म्हणजे नेमकं काय चाललं नाही, हे मला माहीत होतं. पण फुटलेल्या पाइपाशेजारी बसलेल्या बापाला चेतापेशी शिकवायची हिंमत झाली नाही. ते इथे लिहितो. आमच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर, एक आठवडा दिवसा लाइट असते आणि एक आठवडा रात्री दहा ते सकाळी सहा. ज्यांच्याकडे सौरपंप बसला ते सुटले, त्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल. बाकीच्यांनी आधी यंत्र समजून घ्या. स्टार्टर कसा चालतो हे माहीत नसताना त्यात पेचकस घालू नये.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या बुडाशी एकमेकींना छेदतात. त्या फुलीच्या जरा वर पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. उंदरात दोन्ही मिळून वीसेक हजार चेतापेशी, माणसात त्याहून जास्त. पुस्तकात त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात, वर्गात मी नुसतं 'मुख्य घड्याळ' म्हणतो. या प्रत्येक पेशीत स्वतःचं घड्याळ असतं. क्लॉक आणि बीमॅल-१ नावाची दोन प्रथिनं पीरियड आणि क्रिप्टोक्रोम ही जनुकं चालू करतात. त्या जनुकांची प्रथिनं साचत जातात, आणि पुरेशी साचली की ज्यांनी चालू केलं त्यांनाच गप्प बसवतात. मग ती हळूहळू झिजतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट असतो, तसंच हे. फक्त ही टाकी भरून रिकामी व्हायला सुमारे चोवीस तास लागतात. माणसात सरासरी चोवीस तासांहून थोडे जास्तच. या साखळीचा उलगडा फळमाशीत झाला आणि त्यासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण जनुकं केंद्रकात बसून काहीही म्हणोत, बाकीच्या मेंदूला ते कळणार कसं? विजेने. प्रत्येक चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने पन्नास ते सत्तर मिलिव्होल्टने ऋण असते. आपल्या चारशे चाळीसच्या लायनीपुढे हे काहीच नाही, पण डोकं यावरच चालतं. पेशीच्या पडद्याला बारीक गळत्या असतात. सोडियमची गळती आतमध्ये होते आणि पेशीला पेटण्याच्या जवळ नेते. पोटॅशियमची गळती बाहेर होते आणि पेशीला शांत करते. मुख्य घड्याळाच्या पेशींत दिवसा सोडियमकडची बाजू जड होते, रात्री पोटॅशियमकडची. फरक जेमतेम पाच-दहा मिलिव्होल्टचा, पण तेवढ्यावर दिवसा या पेशी सेकंदाला पाच-दहा ठोके टाकतात आणि रात्री एक-दोन, किंवा तेवढेही नाहीत.

इथे वर्गात एक पोरगा हमखास विचारतो, सर, उंदीर तर रात्री फिरतो, त्याचं उलटं असेल? नसतं. रात्रभर आपल्या ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या उंदराच्या डोक्यातलं हे घड्याळही दिवसाच जोरात ठोके टाकतं. तो पुंजका फक्त 'बाहेर दिवस आहे' एवढंच सांगतो. त्यावर जागायचं की झोपायचं, ते पुढच्या पेशी ठरवतात, आणि उंदराच्या नि माणसाच्या मेंदूत ते वेगवेगळं ठरतं.

दोन प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७९ साली इनोउए आणि कावामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूत या पुंजक्याभोवती चर खणावा तसा काप दिला. आजूबाजूच्या मेंदूतली लय गेली, पुंजक्यातले विजेचे ठोके मात्र दिवसा वर, रात्री खाली होतच राहिले. पुढे दुसऱ्यांनी त्याच पुंजक्यात विषारी माशातलं टेट्रोडोटॉक्सिन सोडून ठोके पार बंद पाडले. उंदराच्या वागण्यातली लय हरवली. विष थांबवलं तेव्हा काय दिसलं? घड्याळ आतल्या आत चालूच होतं, आणि जिथे असायला हवं तिथेच होतं. आपल्याकडे लाइट गेली तरी आप्पांच्या मनगटावरचं घड्याळ चालूच राहतं, तसं. ठोके मात्र पेशींना एकमेकींशी जुळवून ठेवतात. ते फार काळ बंद राहिले तर हजारो घड्याळं आपापली वेळ दाखवू लागतात.

आपल्या कामाचा भाग एवढाच: एक रात्र जागलात म्हणून घड्याळ सरकत नाही. ते जुन्याच वेळेवर चालत राहतं. पावणेचारला तुम्ही व्हॉल्व्हपाशी उभे असता आणि ते म्हणत असतं, रात्र आहे. त्यात सकाळपासून जागं राहिल्याचा झोपेचा दाब वेगळाच. त्या रात्री आप्पांना जागून तेवीस तास उलटले होते. दिवसभर घड्याळाने दिलेला टेकू निघालेला आणि वरून तेवीस तासांचं ओझं. सांधा पाइपाचा फुटला, पण मला विचाराल तर आधी तो डोक्यात फुटला होता.

आता करायचं काय.

सगळ्यात आधी, दिवसाच्या लाइटचा आठवडा असताना, घरातल्या प्रत्येकाचं घड्याळ कुठे आहे ते शोधा. प्रयोगशाळा लागत नाही. गजर न लावता, मनाजोगती झोप झाल्यावर माणूस किती वाजता उठतो, ते चार-पाच दिवस वहीत लिहा. त्यातून अडीच तास वजा करा. शरीराचं तापमान रात्रीत सर्वात खाली जातं ती वेळ साधारण तिथे असते, आणि डोकं सर्वात मंद असतं तेही त्याच्या आसपास. मी त्याला 'तळ' म्हणतो. खात्री हवी असेल तर डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरा, आधी पंधरा मिनिटं चहा-पाणी न घेता. दिवसरात्रीत अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा फरक दिसेल.

आप्पा साडेचारला आपोआप उठतात. त्यांचा तळ दोनला. माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा, सुट्टीत नऊशिवाय हलत नाही. त्याचा तळ साडेसहाला. घरात यावरून रोज भांडण व्हायचं. आप्पा त्याला आळशी म्हणायचे. तो आळशी नाही. त्या वयात घड्याळ उशिराकडे सरकतं आणि म्हातारपणी पुन्हा लवकरकडे येतं, यात कुणाचे संस्कार कमी पडत नाहीत.

दुसरं मोजमाप मला फार आवडतं, कारण त्याला पाच रुपयांची पट्टी पुरते. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वरून धरायची, शून्याची बाजू खाली. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी उघडी ठेवायची, पट्टीला न लावता. न सांगता सोडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहा. पाच वेळा करून सरासरी काढा. पंधरा सेंटिमीटर म्हणजे ०.१७५ सेकंद, वीस म्हणजे ०.२०, तीस म्हणजे ०.२५. डोळ्यापासून मेंदू, मेंदूपासून बोट एवढा विजेचा प्रवास त्यात येतो. मुख्य घड्याळ या वाटेवर थेट बसलेलं नाही. पण मेंदू किती जागा आहे हे ठरवण्यात त्याचा हात असतो. नसांचा वेग काही चार वाजता निम्मा होत नाही. घसरतं ते लक्ष. म्हणून सरासरीपेक्षा निसटलेल्या पट्ट्या मोजा. आप्पा सकाळी आठला अठराच्या आसपास पकडायचे. रात्रभर जागून पहाटे चारला पाचपैकी दोन वेळा पट्टी पूर्ण खाली पडली, आणि ते म्हणाले, "तू सोडलीच केव्हा?" पुतण्याचं उलटं निघालं: रात्री अकराला सतरा, सकाळी आठला चोवीस.

हे दोन आकडे समोर आले आणि आमचा प्रश्न निम्मा सुटला. रात्र वाटून घ्या, आणि समसमान नव्हे, घड्याळ बघून वाटा. दहा ते दोन पुतण्या. "लाइट उनी" (आली) म्हणत तो निघतो तेव्हा त्याचा तळ साडेआठ तास लांब असतो, तो ताजातवाना. आप्पा साडेआठला झोपतात, पावणेदोनला उठतात, दोन ते सहा बघतात. दोनला त्यांचा तळ, तिथून पुढे त्यांचं घड्याळ चढणीला लागलेलं असतं, आणि पाच तास झोप पदरात पडलेली. आधी आम्ही नेमकं उलटं करायचो. म्हातारा माणूस, पहिल्या रात्री उरकून घेईल, पोरगा पहाटे बघेल, अशी आमची अक्कल. पहाटे पाचला पोरगा पंपघराच्या ओट्यावर घोरत असायचा आणि मोटर कोरडी फिरत असायची.

आप्पांच्या पाळीत एक मेख आहे. पावणेदोनला उठल्याबरोबर व्हॉल्व्हला हात लावू नका. गाढ झोपेतून उठलेला मेंदू पंधरा-वीस मिनिटं धुक्यात असतो. चूळ भरा, चहा घ्या, पुतण्याकडून कुठला सेक्शन चालू आहे ते ऐका, आणि ते पाटीवर लिहिलेलं असू द्या. आमच्या पंपघरात शाळेतली जुनी पाटी टांगली आहे. तोंडी निरोपावर विसंबून आमचं एक सेक्शन दोनदा भिजलं होतं आणि एक कोरडं राहिलं होतं.

उजेडाचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण घड्याळाचे काटे फिरवणारा खरा हात तोच. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याच्या पेशींशिवाय आणखी थोड्या पेशी आहेत, त्यांत मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. ते १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या कातडीत! निळसर उजेडाला या पेशी सर्वात जास्त भुलतात आणि त्यांची वायर थेट मुख्य घड्याळाला जाते. दिवसा घड्याळाच्या पेशी आधीच जोरात चाललेल्या असतात, तेव्हा भर दुपारच्या उन्हाने काटे फारसे हलत नाहीत. रात्री त्या थंड असतात, आणि तेव्हा डोळ्यातून आलेला धक्का त्यांना पेटवतो. पीरियड जनुक अवेळी चालू होतं आणि काटा सरकतो. कुठल्या बाजूला, ते तुमच्या तळावर ठरतं. तळाच्या आधीच्या तासांतला उजेड घड्याळ मागे ओढतो, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. तळानंतरचा उजेड पुढे ढकलतो, म्हणजे झोप लवकर येऊ लागते.

पुतण्याचा तळ साडेसहाला, म्हणून बारा ते दोन पंपघरात मोबाइलवर रील बघणं त्याला सर्वात महागात पडतं. पहिल्या महिन्यात तो शुक्रवारपर्यंत पहाटे चारशिवाय झोपेना. आप्पांचं उलटं. दोननंतर डोक्याला पांढरी एलईडी बॅटरी लावून फिरल्यामुळे त्यांचं घड्याळ आणखी लवकरकडे सरकलं आणि ते संध्याकाळी सातला जेवता जेवता पेंगू लागले. उपाय एकच निघाला. पंपघरातला पांढरा बल्ब काढून कमी वॅटचा पिवळा लावला. बॅटरी डोक्याला न बांधता कमरेच्या उंचीवर धरायची, झोत जमिनीवर. आणि आप्पांनी संध्याकाळी पाच ते साडेसहा ओट्यावर, उघड्या उजेडात बसायचं, म्हणजे घड्याळ फार पुढे पळत नाही.

पण अंधारात चालू नका. आपल्याकडे घोणस आहे, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही येतो. पायाखाली दिसत नसेल तर घड्याळ गेलं खड्ड्यात, लागेल तेवढा उजेड पाडा.

आता जो एकटा आहे त्याचं काय? त्याच्याकडे वाटून घ्यायला कुणी नाही. एकट्या माणसाने घड्याळ रात्रीकडे फिरवायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काटे दिवसाला तासाभरानेच सरकतात. रात्रीशी जुळतील तोवर लाइट दिवसाची झालेली असते, आणि मग उलटा प्रवास. घड्याळ जागेवर ठेवा आणि झोप दोन तुकड्यांत घ्या. दुपारी दीड ते तीन झोपा; त्या वेळी तसंही डोकं जरा सैल असतं. संध्याकाळी सात-आठला 'थोडं पडून घेतो' म्हणणं बहुधा फुकट जातं. नेहमीच्या झोपेआधीच्या दोन-तीन तासांत घड्याळ जागं ठेवण्याचा सर्वात मोठा जोर लावतं, म्हणून माणूस नुसता कूस बदलत राहतो. सकाळी सहाला लाइट गेली की लगेच मोटरसायकलला किक मारू नका. पंपघरात वीस मिनिटं डोळे मिटा, उठून तोंड धुवा, दहा मिनिटं थांबा, मग निघा. मग घरी चार तास. ऑटो स्विच आणि कोरडी मोटर बंद करणारं यंत्र एकट्याकडे असलंच पाहिजे. त्याची किंमत एका जळालेल्या वाइंडिंगपेक्षा कमी पडते.

दिवसा झोप लागण्यासाठी अंधार आणि गारवा, दोन्ही लागतात. झोप येताना शरीर आतून थोडं थंड होतं, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशात पत्र्याच्या खोलीत ते होणार कसं? जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. नसेल तर कूलर, आणि खिडकीवर घोंगडी. डोळ्यांवर उपरणं बांधलं तरी काम होतं.

चहा: झोपेच्या आधीचे सहा तास नाही. पुतण्याचा शेवटचा चहा साडेआठला, आप्पांचा दोनला आणि मग नाही. जेवण रात्री दहाच्या आत. यकृताचंही घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळेवर चालतं. मध्यरात्री भरपेट खाल्लं तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त वर जाते. आता हिवाळ्यात केळीत रात्री बारा वाजता भरीत आणि कळण्याची भाकरी, तीही तेल-ठेच्यासकट, याला नाही म्हणणारा खान्देशी मी अजून बघितला नाही. आम्ही भरिताचा बेत दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात, संध्याकाळी सातला करतो. रात्री भूक लागली तर मूठभर शेंगदाणे किंवा एखादं केळ.

काहींनी मात्र रात्रीची पाळी घेऊच नये. ज्याला कधी फिट येऊन गेली आहे त्याच्या चेतापेशी आधीच लवकर पेटणाऱ्या असतात, आणि अपुरी झोप त्यांना आणखी पेटवते. इन्सुलिन घेणारे, मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना 'मी रात्री पाणी भरतो' हे स्पष्ट सांगावं. डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही, असं होतं. आमच्या सालदाराला लहानपणी फिट यायच्या, हे आम्हाला चौथ्या वर्षी कळलं, तेही आखाजीला (अक्षय तृतीयेला) नवीन साल ठरवताना. आता त्याचं काम फक्त दिवसाचं.

दिवसाची लाइट परत आली की पहिल्या दोन दिवसांत घाई नको. पुतण्याने उठायची वेळ रोज तासभर अलीकडे आणायची आणि उठल्या उठल्या अंगणात उन्हात यायचं, खाटेवर मोबाइल घेऊन नाही. आप्पांनी पहाटे उठलं तरी सूर्य वर येईपर्यंत घरात पिवळा दिवाच ठेवायचा. दुपारी पाऊण तासापेक्षा जास्त झोप दोघांनीही घ्यायची नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी टाकून बघायची. आकडे जुन्या जागी आले की घडी बसली समजा. आले नाहीत तर पुढच्या रात्रीच्या आठवड्यात त्या माणसाची पाळी तासाभराने कमी करायची, उरलेली दुसऱ्याने उचलायची.

पट्टी स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवा. आमची मुलगी ती दोनदा शाळेत घेऊन गेली, म्हणून आता आप्पांनी तिला भोक पाडून सुतळीने बांधली आहे. रात्री दोनला पाळी बदलताना दोघं एकमेकांसाठी ती तीनदा सोडतात. दोनदा निसटली की आप्पा व्हॉल्व्ह सोडून आधी चूल पेटवतात.